सोलापुरात नवं बिऱ्हाड थाटलंत? मग एवढी तयारी पहिल्या आठवड्यात करून टाका

आमच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं देतो. सामान टेम्पोतून उतरत असतानाच नव्या भाडेकरूंचा पहिला प्रश्न येतो, "काकू, पाणी किती वाजता येतं?" मी सांगते, "बाळा, सोलापुरात किती वाजता ते नंतर. आधी कुठल्या दिवशी ते विचार." मग समोरचा चेहरा बघण्यासारखा होतो. या खेपेला रत्नागिरीकडचं कुटुंब आलं. नवरा-बायको, दुसरीतली मुलगी आणि आजी. पहिल्या संध्याकाळी चहा पाजून त्यांना घर हिंडवलं आणि जे जे सांगितलं, ते इथं लिहून काढते. पुढच्या बिऱ्हाडाला कागदच हातात देता येईल.

आपत्ती म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं पूर नाहीतर भूकंप येतो. सोलापुरात पहिला नंबर उन्हाचा. मग पाण्याची ओढ, मग वीज जाणं. पूर आणि भूकंप त्यांच्या मागून, पण येतात तेव्हा सांगून येत नाहीत.

बाजारात संकटकाळासाठी म्हणून तयार भरलेली बॅग मिळते. माझा तिच्यावर भरवसा नाही, कारण मीही एकदा मोठ्या हौसेनं तशी पिशवी भरून दिवाणाखाली सरकवली होती. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री सोलापुरात पाऊस असा कोसळला की आमच्या तळमजल्यावर घोटाभर पाणी आलं. दिवे गेले. पिशवी ओढून काढली तर बॅटरीतले सेल फुगून गळलेले, बिस्किटांना मुंग्या लागलेल्या आणि तापाच्या गोळ्यांची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटलेली. त्या दिवसापासून मी ठरवलं, तयारीच्या वस्तू वेगळ्या बांधून ठेवायच्या नाहीत. रोजच्या वापरातल्याच वस्तू थोड्या जास्त ठेवायच्या आणि फिरत्या ठेवायच्या. खाली जे सांगते आहे ते सगळं त्याच हिशेबानं.

पहिली संध्याकाळ: घर हिंडा

आधी मेन स्विच. तो कुठं आहे हे घरातल्या एकट्या पुरुषाला ठाऊक असून भागत नाही. आमच्याकडं मीटर जिन्याखाली आहे. मी आजींनासुद्धा तिथं नेऊन हात लावायला लावला. बोर्डावर 'टेस्ट' लिहिलेलं एक छोटं बटण असलेला स्विच असेल तर तो शॉकपासून वाचवणारा. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं. खटकन लाईट गेली म्हणजे तो जिवंत आहे. गेली नाही तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा. असा स्विचच नसेल तर घरमालकाच्या मागं लागा. मी घरमालकीण असून सांगते आहे.

मग सिलिंडर. शेगडीच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. साधारण पाच वर्षांनी नळी बदलायची, आणि चिरा दिसल्या तर तारखेची वाट बघायची नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि विजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. लोक हमखास इथंच चुकतात. घाबरून पहिला हात पंख्याच्या बटणाकडं जातो. बटणातली बारीकशी ठिणगी पुरते. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वरची खिडकी उघडून थांबू नका, दार सताड उघडा. मग बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

तिसरं, बाहेर पडायची दुसरी वाट. जिना धुरानं भरला तर गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाता येतं का? गच्चीच्या कुलपाची किल्ली कुठं असते?

आणि पत्ता. हसू नका. नव्या माणसाला घाईत स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. "मारुतीच्या देवळाजवळ" म्हणालात तर सोलापुरात गाडी कुठंही जाईल. जुन्या पेठांतल्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, ती चौकातच थांबते. कुठल्या चौकात ते आधी ठरवून ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरात पत्ता, जवळची ठळक खूण, गाडी थांबायची जागा आणि हे नंबर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: कुठल्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८, अग्निशमनला १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७, महावितरणला १९१२. दोन शेजाऱ्यांचे नंबरही त्यातच. मदतीची गाडी येईपर्यंत शेजारीच असतात. आमच्या पलीकडच्या अक्का पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबातल्या. त्यांचं मराठी तेलुगू वळणाचं आणि माझं तेलुगू 'रा' आणि 'पो'च्या पुढं गेलेलं नाही, पण त्या पावसाच्या रात्री माझ्या सासूबाईंना त्यांच्याच मुलांनी चादरीत घालून वर नेलं. सोलापुरी चादर जाड सुताची, चार टोकं चौघांनी धरली की अरुंद जिन्यातून आजारी माणूस सहज नेता येतो. खुर्ची वळणावर अडकते, चादर अडकत नाही. एक चादर कायम हाताशी ठेवा.

पाणी

शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळतं. उजनी धरणातून थेट जलवाहिनीनं. भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उपसून. आणि हिप्परगा तलावातून. उजनीची वाहिनी सुमारे शंभर किलोमीटर लांब. वाटेत कुठं फुटली, कुठं पंपाची वीज गेली, की तुमच्या भागाचा पाण्याचा दिवस पुढं ढकलला गेलाच. म्हणून चार-पाच दिवसांचं पाणी भरून ठेवणं ही इथं तयारी नव्हे, तो संसारच आहे. तयारी त्याच्या पुढच्या दोन-तीन दिवसांची.

हिशेब असा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. चार माणसांचं वीस लिटर. पाच दिवसांआड पाणी येत असेल आणि तीन दिवसांची खोटी धरली तर आठ दिवसांचं एकशे साठ लिटर हे नुसतं पिण्याचं. ते एकाच भांड्यात भरू नका. एक भांडं खराब झालं तर सगळंच गेलं. दोन-तीन स्टीलची झाकणाची पिंपं, खाली तोटी असलेली, म्हणजे आत हात बुडवायला नको. वापरायच्या पाण्याला दोनशे लिटरचं टिपाड किंवा बॅरल वेगळा. पाण्याच्या दिवशी उरलेलं जुनं पाणी झाडांना, फरशीला, संडासाला आणि मग नवं भरायचं. हेच ते फिरतं ठेवणं.

चार-पाच दिवस कोरडी पडलेली वाहिनी पहिल्यांदा सुटते तेव्हा गढूळ पाणी आणते. पहिली काही मिनिटं ते वेगळ्या बादलीत धरा, पिण्याच्या पिंपात नाही. वास आला, रंग वेगळा दिसला, तर उकळा. खदखदून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच राहू द्या. मेडिक्लोर किंवा क्लोरिनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावर लिहिलेल्या मापानं घाला आणि अर्धा तास थांबा. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग क्लोरिन.

नळाला थेट मोटर लावू नका. सगळे लावतात हे मला ठाऊक आहे. मोटरीच्या ओढीनं फुटक्या वाहिनीच्या भोवतालची घाण आत खेचली जाते. आणि पाणी भरायच्या धांदलीत ओल्या फरशीवर, अनवाणी पायानं, उघड्या वायरच्या मोटरीला हात लागून माणसं गेलेली आहेत.

साठवलेल्या पाण्याचं दुसरं दुखणं डेंग्यू. डास बॅरलच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेघेपाशी अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून टाकलं तर अंडी तशीच राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा करून आतून काथ्यानं खसाखसा घासायचा आणि कोरडा करायचा. वर पातळ सुती कापड ताणून बांधायचं. पाहुणे चेष्टा करतात की तुमच्या बॅरलला पदर आहे. करू द्या.

उन्हाळ्यात पेपरात वाचाल, "उजनी वजा तीस टक्के". नवी माणसं हबकतात. आमच्या रत्नागिरीकर बाईंनी विचारलं होतं, वजा पाणी म्हणजे काय हो काकू? धरण साधारण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळचं पाणी. मोजणी त्याच्या वरून सुरू होते, म्हणून तो वापरायला लागलं की आकडा वजा होतो. वजा आकडा म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही. पण पाण्याचा दिवस लांबणार आहे एवढं त्यातून समजायचं आणि एक पिंप वाढवायचं.

ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो आणि कधी त्याच्याही वर. कोकणातून आलेल्यांना वाटतं, आम्हाला उन्हाळ्याची सवय आहे. नाही. तिकडं घाम निथळतो, इथं घाम अंगावरच वाळतो आणि अंगातलं पाणी गेलेलं कळतही नाही. तहान लागायची वाट बघाल तर उशीर होतो.

वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत ओकतो. पाडव्याच्या आसपास गच्चीला पांढरा चुना दिलात तर फरक हाताला कळतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून कापड लावा. पडदा आतून लावला तर काच तापून ऊन घरात आलेलंच असतं. दुपारी बारा ते चार बाहेरची कामं नकोत. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर दुपारी दोनला एक फोन करायचाच, नुसतं "पाणी प्यालात का" विचारायला.

मीठ-साखरेचं पाणी घरी करता यायला हवं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट एका पेल्यात ही घरोघरची चूक.

एखाद्याचं अंग भट्टीसारखं तापलं, बोलणं असंबद्ध झालं, चालताना तोल जायला लागला, घाम थांबला, तर तो उष्माघात. आधी १०८, मग सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान-काख-जांघेत ओले टॉवेल ठेवा, अंगावर पाणी शिंपडून पंखा लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. ओल्या टॉवेलची तरी या गावात टंचाई नाही.

कूलरविषयी दोन शब्द जास्त. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, भोवती पोरं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाजूला ठेवायचा. प्लग तीन पिनांचाच हवा. घराच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट चालत नाही. मार्च ते मे दर चार दिवसांनी भांडी विसळलेलं एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओता. हे मला एका म्हाताऱ्या वायरमननं शिकवलं. मीटर बदलायला आला होता आणि खड्डा कुठं आहे हे मला सांगता आलं नाही, म्हणून मला चांगला ओरडला होता.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल आणि वीज चार-सहा तास गेली तर? मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन. मडकं सावलीत, वाऱ्यावर. वाळू सुकू द्यायची नाही. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खाणं

इथं सोलापूरकराला शिकवण्यासारखं फारसं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी: विस्तव नको, फ्रीज नको, महिनाभर काही होत नाही. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी वाळवलेली. मोडून आमटीत, दुधात, ताकात कुस्करायची. आजींच्या दातांना झेपेल का म्हणून सूनबाईंना काळजी होती. ताकात पाच मिनिटं ठेवली की झेपते. वीस-पंचवीस भाकऱ्यांची चवड, अर्धा किलो चटणी, गूळ, फुटाणे, मुरमुरे, लहान मूल असेल तर दुधाची पावडर. घरात चार दिवस कुणी उपाशी राहत नाही. फक्त ते उचलून ठेवू नका. खात राहा आणि चवड अर्धी झाली की भरा. भाकरी दमट हवेत मऊ पडते आणि मग बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा.

कागद

त्या ऑक्टोबरच्या रात्री आमचं सगळ्यात मोठं नुकसान लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात झालं. रेशन कार्ड, सासऱ्यांची पेन्शनची कागदं, घराचं खरेदीखत, मुलीची मार्कशीट, सगळं एकमेकांना चिकटून लगदा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी एकेक कागद सुरीच्या पात्यानं अलगद सोडवला, खाटेवर चादर अंथरून त्यावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर शेंगा ठेवल्या. लॅमिनेट केलेल्या कागदाच्या आतच पाणी शिरलं होतं आणि निळी शाई पसरून आभाळासारखं झालं होतं. रेशन कार्ड कडक भाकरीसारखं वाळलं. तसंच कडक, वाकडं, कडेला करपल्यासारखं. मार्कशीटची दुसरी प्रत काढायला पाच हेलपाटे पडले.

तेव्हा कागद कमरेच्या वर, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि ती पिशवी एका जुन्या शाळेच्या दप्तरात. दप्तर पाठीला लावून दोन्ही हात मोकळे राहतात. आत आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद, भाडेकरार, जातीचा दाखला, शेती असेल तर सातबारा, डॉक्टरची शेवटची चिठ्ठी. थोडी रोकड, सुट्ट्या नोटांत. वीज गेली की नेटवर्क जातं आणि फोननं पैसे देणं बंद पडतं. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जादा ठेवा, पण दप्तरात नको. डब्यातच ठेवा आणि जुन्या आधी खा. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये, डिजिलॉकरमध्ये आणि गावाकडच्या एका नातेवाइकाच्या फोनमध्ये. आणि आजच घरातल्या प्रत्येक खोलीचा एकेक फोटो काढा, फ्रीज, टीव्ही, कपाट दिसेल असा. का ते पुढं सांगते.

आग

१८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कारखान्याच्याच आवारात राहणारं कुटुंब होतं. सोलापुरात घर आणि काम यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असते, आणि पूर्व भागात कित्येक ठिकाणी तीही नसते. खाली माग, वर बिऱ्हाड. तुमचं घर अशा जागी असेल तर भाडं ठरवण्याआधी बघा: वर झोपलेल्या माणसाला मागांच्या खोलीतून न जाता बाहेर पडता येतं का? खिडकीचे गज कायमचे बसवलेले असतील तर निदान एक खिडकी आतून उघडणारी करून घ्या. सुताची लव बोर्डावर, पंख्यावर साचते आणि पेट घेते. ती आठवड्याला झाडून काढायची.

अलीकडची नवी खोड म्हणजे जिन्याखाली इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चार्जिंगला लावणं. पेटलीच तर बाहेर पडायची एकुलती एक वाट तिथंच बंद होते. आमच्या जिन्याखाली मी लावू देत नाही. त्यावरून एका भाडेकरूशी वाजलंही होतं.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करून वर मोठं झाकण सरकवा. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. दुसऱ्यानं चादर गुंडाळायची, सुती. धूर भरला असेल तर रांगत निघा, खाली हवा असते. बाहेर पडलात की कशासाठीही परत आत जायचं नाही.

सीना आणि भीमा

परगावच्या माणसाला हे पटकन उमगत नाही. सोलापूरचा पूर सोलापूरच्या पावसानं येतोच असं नाही. भीमा पुणे जिल्ह्यातून येते. घाटात धो-धो पाऊस झाला, उजनी भरली, वर नीरेचं पाणी आलं, की सोडलेलं पाणी पंढरपुरात पोचतं. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तिकडं वाळवंटात पुंडलिकाच्या देवळात पाणी शिरलेलं असतं. सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून धाराशिवची हद्द धरून येते. सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या भागात अतिवृष्टी झाली आणि सीनेनं करमाळा, माढा, मोहोळपासून खालपर्यंत गावंच्या गावं पाण्यात घातली. लांबोटीपाशी पुण्याचा महामार्ग बंद झाला. माझा भाचा पुण्याहून निघाला होता तो मध्येच अडकला, आणि त्याच्या गाडीत पाण्याची एक बाटली आणि केळी यापलीकडं काही नव्हतं.

म्हणून पावसाळ्यात आभाळाकडं बघू नका, धरणांच्या विसर्गाची बातमी बघा. फोनमध्ये सरकारचं इशारे देणारं 'सचेत' ॲप घ्या. नदीकाठी, नाल्याकाठी किंवा सखल भागात तळमजल्यावर राहत असाल तर इशारा येताच फ्रीजचा प्लग काढा, गादी-धान्य माळ्यावर टाका, दप्तर पाठीला लावा आणि उजेड आहे तोवरच निघा. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघ्याइतकं वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, आणि दीड-दोन फुटांत चारचाकी तरंगायला लागते. खाली रस्ता उरला आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर लगेच झाडू हातात घ्यायचा नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, पडलेली भिंत, सगळ्याचे फोटो आधी. पंचनाम्याला ते लागतात, आणि आधीचे खोल्यांचे फोटो इथं कामाला येतात. मदतीची रक्कम खात्यावर येते, म्हणून खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बघून ठेवा. ओल्या भिंतीचा मेन स्विच वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका.

जुन्या पेठांत आणि खेड्यांत माळवदाची घरं आहेत. मातीचं जड छप्पर, खाली लाकडाच्या तुळया, जाड भिंती. उन्हाळ्यात अशी गार घरं नाहीत, पण चार दिवस झड लागली की वरची माती पाणी पिऊन आणखी जड होते. भिंत फुगली, दार घट्ट बसायला लागलं, वरून मातीचे कण पडायला लागले, तर त्या रात्री तिथं झोपायचं नाही. शेजारी, शाळा, देऊळ, कुठंही.

पावसात सापही कोरडी जागा शोधतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, काही नाही. हातपाय न हलवता थेट सिव्हिल किंवा विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय. वळवाच्या दिवसांत आकाशात गडगडलं की झाडाखाली उभं राहायचं नाही, घरात किंवा बंद गाडीत. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप जवळ वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं.

भूकंप

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती उठले होते, सगळे दमून झोपलेले. मांडणीवरची पितळी भांडी वाजायला लागली तेव्हा आई म्हणाली, मांजर आलं असेल. किल्लारी इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तिथं गोटे आणि मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. इथं आम्ही कित्येक रात्री मैदानात झोपलो, आणि रोज कुणीतरी सांगायचं, आज रात्री बाराला पुन्हा होणार. भूकंपाची वेळ कुणालाही आधी सांगता येत नाही. तेव्हा हे तोंडी पसरायचं, आता फोनवर येतं, एवढाच फरक.

करायचं काय: डोक्याच्या वर फळीवर जड भांडी, सिलिंडर, पाटा-वरवंटा ठेवू नका. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीनं जखडा. हलायला लागलं तर मजबूत टेबलाखाली किंवा कॉटखाली डोकं झाकून बसा. थांबल्यावर बाहेर.

तारखा आणि सराव

सगळीकडं पावसाळ्याची तयारी मृगाच्या आधी करतात. सोलापुरातही करा, पण इथला जोराचा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात. १९९३, २०२०, २०२५ या तिन्ही वेळा संकट गणपती उठल्यानंतर आलं. भूकंपाचं गणपतीशी काही देणंघेणं नाही हे मलाही कळतं, पण तारीख लक्षात राहायला सोपी जाते. म्हणून आमच्या घरी वर्षातून दोनदा तपासणी: पाडव्याला उन्हाची, आणि गणपतीचं मखर माळ्यावर ठेवताना बाकी सगळ्याची. बॅटरीचे सेल, गोळ्यांच्या तारखा, कागदांचं दप्तर, नळी, टेस्टचं बटण. अर्धा तास लागतो.

आणि एकदा रात्री दिवे बंद करून बाहेर पडून बघा. मी वरच्या बिऱ्हाडाला करायला लावलं. नऊ वाजता मेन स्विच पाडला आणि खाली अंगणात घड्याळ लावून उभी राहिले. आधी वरून हसण्याचा आवाज, मग खुर्ची पडल्याचा, मग आजींचा रामराम. दप्तर घेऊन मुलगी पहिली आली, दीड मिनिटात. आई-आजी त्यानंतर. बाबा चार मिनिटांनी, कारण दाराला आतून लावलेल्या कुलपाची किल्ली सापडत नव्हती. ती त्यांच्याच पँटच्या खिशात निघाली, आणि पँट दोरीवर वाळत होती. दुसऱ्या दिवशी दारामागं, मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खिळा ठोकला. किल्लीला तिनं चादरीच्या दशांचा लाल गोंडा बांधला आहे, अंधारात हाताला लागावा म्हणून.